वस्तीची राखण



या व्यासपीठावरून आजवर विद्वान, इतिहाससंशोधक, साहित्यिक आणि संतवाङ्मयाचे अभ्यासक बोलून गेले आहेत. आम्ही त्यांपैकी कोणीच नाही. आमचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकाबाहेर, संपाच्या मंडपात आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण आमच्याकडून ठेवू नये. ‘वस्तीची राखण’ हा विषय पत्रिकेवर वाचून कोणाला वाटले असेल की हे गृहस्थ चोऱ्यामाऱ्यांविषयी बोलणार, तर कोणाला वाटले असेल की गडकोटांविषयी. दोन्ही गोष्टी येणार आहेत. परंतु प्रारंभ आम्ही एका खेळापासून करणार आहोत, आणि तोही मुलांच्या खेळापासून.

आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी कामगार जमतात, त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही येतात. त्यांतली काही मुले संगणकावर एक खेळ खेळतात. रिमवर्ल्ड असे त्याचे नाव. कॅनडातल्या टायनन सिल्व्हेस्टर नावाच्या गृहस्थांनी तो रचला आणि २०१८ साली तो पूर्ण स्वरूपात बाहेर आला. यान मोडून तीन माणसे एका दूरच्या, ओसाड ग्रहावर येऊन पडतात, अशी त्याची सुरुवात. मग झाडे तोडायची, दगड फोडायचे, शेत लावायचे, घरे बांधायची, आजाऱ्याची शुश्रूषा करायची आणि हळूहळू एक वस्ती उभी करायची. वस्ती जरा मार्गी लागली की धाड पडते. ती परतवली की काही दिवसांनी दुसरी. खेळ म्हणजे नीतिशास्त्र नव्हे, आणि त्या खेळात वाईट वागायलाही पुष्कळ वाव आहे. पण मुलांकडून त्याचे नियम समजावून घेताना आम्हाला वाटले की यातले दोन-तीन नियम मोठ्यांच्या सभेत मांडण्यासारखे आहेत.

पहिला नियम असा की धाडीचा जोर वस्तीच्या मालमत्तेवर आणि माणसांच्या संख्येवर ठरतो. कोठारात चांदी साठली, दालनात गालिचे आले, की पुढच्या वेळी धाडवाले जास्त संख्येने आणि चांगली हत्यारे घेऊन येतात. दुसरा नियम भिंतीचा. वस्ती चारी बाजूंनी बंद केली तर धाडवाले भिंतच फोडू लागतात. म्हणून जाणती मुले एक वाट मुद्दाम उघडी ठेवतात. ती अरुंद आणि वळणाची करतात आणि तिच्या शेवटी आपले नेमबाज आडोशाला उभे करतात. आणि तिसरा नियम मनाचा. त्या वस्तीतल्या प्रत्येक माणसाच्या मनाचे माप खेळ ठेवतो. झोप झाली नाही, उपाशी राहावे लागले, अंधारात काम करावे लागले, की ते माप खाली येते. फार काय, जेवायला मेज नसेल आणि उभ्याने किंवा जमिनीवर बसून खावे लागले तरीही ते खाली येते. फार खाली गेले की तो माणूस कामाच्या मधोमध हातातले टाकून भटकू लागतो, कोठारातले खात सुटतो, प्रसंगी आपल्याच घरांना आग लावतो. आणि हे कधी घडते? बहुधा धाड वेशीवर असतानाच! भिंत कितीही जाड असो, आतले माणूस मोडले की वस्ती मोडते.

आता आम्ही आपल्या मुलखाकडे वळतो. वरच्या तीन नियमांपैकी पहिले दोन आमच्या पूर्वजांना पाठ होते. खेडेगावाला गावकूस असे, त्याला वेस असे, आत पाटलाची गढी असे. धान्य घराच्या भिंतीतल्या बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात ठेवीत. वरून माती सारवली की परक्याला पत्ता लागू नये. श्रीमंती दिसली की धाड येते, हे त्यामागचे शहाणपण. गडाचे दरवाजेही तसेच. रायगडाचा महादरवाजा पाहा. दोन बुरुजांच्या कवेत तो असा वळवून घेतला आहे की अगदी जवळ येईपर्यंत दार दिसत नाही आणि दिसते तेव्हा येणारा दोन्हीकडच्या माऱ्यात सापडलेला असतो. त्याला गोमुखी बांधणी म्हणतात. संगणकावरची मुले आज जी युक्ती शोधून काढतात, ती आमच्या गवंड्यांनी आणि पाथरवटांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी दगडात करून ठेवली आहे.

पण तिसऱ्या नियमाचे काय? वेशीत जो उभा राहिला त्याच्या पोटाची, झोपेची आणि मानाची काळजी कोणी वाहिली? आजच्या आमच्या भाषणाचा विषय खरे म्हणजे एवढाच आहे.

त्या खेळात एक गोष्ट आहे ती येथे सांगतो. तेथे राखणदार आणि राखलेला असे दोन वर्ग नाहीत. सकाळी भात लावणारा माणूस दुपारी बंदूक उचलतो आणि जखमी झाला तर त्याच वस्तीतल्या खाटेवर पडतो. आमच्या खेड्यात तसे नव्हते. सूर्यास्ताला वेस लावायची, रात्री पहारा करायचा, परका आला तर पाटलाला वर्दी द्यायची, चोराचा माग काढायचा ही कामे वेसकराची. तो बहुधा महार. कोठे ते काम रामोशाकडे असे, आमच्या खानदेशात आणि डांगाच्या बाजूला जागल्या म्हणून भिल्लाकडे. मोबदला म्हणजे बलुते आणि थोडीशी वतनाची जमीन. आणि हा राखणदार राहत कोठे असे? गावकुसाबाहेर! धाड आली तर तिची पहिली गाठ पडायची ती त्याच्या झोपडीशी. ज्या भिंतीचा तो रखवालदार, त्या भिंतीचा आडोसा त्याच्या बायकामुलांना नव्हता. ‘गावकुसाबाहेरचा’ हा शब्द आपण आज सहज वापरतो. तो शब्द उच्चारताना हे ध्यानात ठेवावे की कुसाच्या बाहेर जो होता तोच कुसाचा राखणदार होता.

या वतनाचा पुढे काय पसारा झाला हे आपल्याला माहीत आहे. इंग्रजी अमदानीत १८७४ च्या वतन कायद्याने ती चाकरी बांधून टाकली. सरकारी कामाला वेळेचा नियम नाही, रात्र नाही, दिवस नाही. एक जण आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. आणि वेतन म्हणाल तर गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात हा कायदा सुधारण्यासाठी विधेयक आणले. लोक त्या विधेयकाकडे जातीचा प्रश्न म्हणून पाहतात. आम्हाला कामगार चळवळीतला माणूस म्हणून त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कामाचे तास ठरलेले नाहीत, पगार ठरलेला नाही, धनी कोण ते ठरलेले नाही आणि काम सोडण्याची मुभा नाही, अशा नोकरीविरुद्ध मांडलेली ती कामगारांची मागणी होती. ती वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

आणि नाशिककरांनो, येथून पायी जाण्याइतक्या अंतरावर काळारामाचे मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी तेथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे याच जिल्ह्यातले कार्यकर्ते त्याच्या व्यवस्थेत पुढे होते. ज्यांच्या वाडवडिलांनी गावोगावच्या वेशी पिढ्यान्‌पिढ्या राखल्या, त्यांनाच देवाच्या दारात अडवण्यात आले. दार राखायला तू, दारातून आत यायला मात्र दुसरा, हा न्याय किती दिवस चालायचा?

आता राखणदाराच्या पगाराची गोष्ट. सुरतेवरची स्वारी आपण अभिमानाने वाचतो. ती चढाई करणाऱ्याच्या बाजूने वाचायची आपल्याला सवय आहे; आज जरा सुरतेच्या वेशीतून पाहू या. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजीमहाराज सुरतेजवळ आले तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचे ते सर्वांत श्रीमंत बंदर होते. शहराला तट नव्हता. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. जदुनाथ सरकारांनी या सुभेदाराविषयी एक गोष्ट नोंदवली आहे. पाचशे माणसांच्या फौजेचा खर्च तो कित्येक वर्षे बादशाही खजिन्यातून उचलीत होता, पण शहराच्या रक्षणाला तशी फौज त्याने कधी उभी केलीच नव्हती. आमच्या क्षेत्रात याला काय म्हणतात ते आम्हाला नीट ठाऊक आहे. हजेरीपटावर पाचशे, फाटकावर कोणी नाही! त्याच वेळी इंग्रजांच्या वखारीत जॉर्ज ऑक्झेंडेन याने जहाजांवरचे खलाशी आणून दारात उभे केले आणि वखार वाचवली. शहर तेच, धाड तीच. जेथे माणूस प्रत्यक्ष उभा होता ते राहिले आणि जेथे तो फक्त कागदावर होता ते गेले.

पुढे बादशहाने सुरतेला तट बांधण्याचा हुकूम दिला. तट उभा राहिला. तरी ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले, तटावरच्या लोकांचा विरोध फार वेळ टिकला नाही आणि शहर पुन्हा लुटले गेले. परत येताना १७ ऑक्टोबरला आपल्याच जिल्ह्यात वणी-दिंडोरीपाशी मोगलांशी मोठी लढाई झाली, ती आपणास माहीत आहे. आम्हाला येथे एवढेच दाखवायचे आहे की सहा वर्षांत सुरतेला भिंत मिळाली, पण भिंतीवर जीव तोडून उभा राहणारा माणूस मिळाला नाही. भिंत सरकारी हुकमाने होते. तो माणूस नुसत्या हुकमाने होत नाही.

याच्या उलट उदाहरण पाहायला आपल्याला लांब जायला नको. पेठ रस्त्याने पंधराएक किलोमीटर गेले की आशेवाडीजवळ रामशेज उभा आहे. साल्हेर-मुल्हेरच्या मानाने ठेंगणा गड. औरंगजेब दक्षिणेत आला तेव्हा त्याच्या सरदारांना वाटले की हा गड चार दिवसांचा घास आहे. शहाबुद्दीनखानाने १६८२ साली वेढा घातला. सुरुंग लावले, मोर्चे बांधले. पाचशे माणसे वर चढून मारा करू शकतील असा प्रचंड लाकडी दमदमा उभा केला. गड पडला नाही. मग बहादूरखान आला, तोही हात हलवीत परत गेला. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. त्यानेच लिहून ठेवले आहे की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा तेथल्या लोकांनी लाकडाच्या तोफा केल्या, कातड्याने मढवल्या आणि त्या दहा दहा तोफांचे काम करीत. बहादूरखानाने एका बाजूला गोंगाट करून दुसऱ्या बाजूने निवडक माणसे गुपचूप चढवण्याचा डाव टाकला, तर गडकऱ्यांनी तो ओळखला. गोंगाटाला गोंगाटाने उत्तर दिले आणि गुपचूप चढणाऱ्यांसाठी गुपचूप वाट पाहत बसले. शेवटी एका मांत्रिकाला सोन्याचा नाग करून देण्यात आला. तो नाग हातात धरून मांत्रिक फौजेच्या पुढे चालू लागला आणि गडावरून सुटलेल्या गोफणीच्या दगडाने तो नागासकट खाली आला, अशी हकीकत सांगतात.

ही हकीकत आमच्या मुलांना फार आवडते. पण आम्ही त्यांना विचारतो की लाकडाची तोफ करायला कोण लागतो? सुतार. तिला कातडे मढवायला? चांभार. गोफण कोणाच्या हातातली? शेताची पाखरे हाकणाऱ्याची. वेढ्याच्या काळात गडावर टाक्यांतले पाणी मोजून वाटायला, दळायला, भाकरी थापायला, जखमेवर पट्टी बांधायला माणसे लागतात की नाही? बखरीत किल्लेदार असतो. त्या रामशेजच्या किल्लेदाराचे नावसुद्धा निरनिराळे सांगितले जाते. मग सुताराचे आणि चांभाराचे नाव कोण विचारतो? परंतु वर्षामागून वर्षे तो ठेंगणा गड टिकला तो एका माणसाच्या तलवारीने टिकला नाही. तेथे ज्याचे हात ज्या कामाचे, ते काम त्या दिवशी तटाइतकेच मोलाचे मानले गेले असले पाहिजे, नाही तर कातड्याची तोफ कोणाला सुचतीच ना.

आणि रामशेज शेवटी गेला कसा? लढून गेला नाही. १६८७ च्या सुमारास मागाहून आलेल्या किल्लेदाराला पैशाने वळवून तो घेण्यात आला असे सांगतात. त्याच वर्षी बागलाणातला बलाढ्य साल्हेर हाही लढाईने पडला नाही. मनसब आणि रक्कम यांच्या देवघेवीत गेला. आमच्या कामगारांना आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण चोरी झाली की पहिला संशय खालच्या माणसावर घ्यायची या समाजाला सवय आहे. इतिहासाने या दोन गडांविषयी जे नोंदवले आहे त्यात विकला गेला तो वरचा माणूस. गोफण चालवणारा विकला गेल्याची नोंद नाही. कुंपणानेच शेत खाल्ले असे आपण म्हणतो, पण कुंपणातला कोणता खांब किडला होता हेही पाहिले पाहिजे.

आतापर्यंत आम्ही राखणाऱ्याविषयी बोललो. धाड घालणाऱ्याविषयी दोन शब्द बोलले नाहीत तर विषय अर्धा राहील. संगणकावरच्या खेळात धाडवाले कोठून तरी येतात आणि मरून पडतात. त्यांची कुळकथा विचारण्याची फार गरज पडत नाही. इतिहासात ती विचारावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खानदेश आणि आमचा हा भाग होरपळून निघाला. फौजा तुडवून गेल्या, १८०२ ते १८०४ या काळात भीषण दुष्काळ पडला, पेंढाऱ्यांनी उरलेसुरले नेले. गावेच्या गावे ओस पडली. गाव ओस पडले म्हणजे बलुते बंद पडले, आणि बलुते बंद पडले म्हणजे जागल्या भिल्ल उपाशी राहिला. जो काल वेस राखीत होता तोच डोंगरातून उतरून धाड घालू लागला. तेव्हाच्या कारभाऱ्यांनी त्यावर काय उपाय केला? कोपरगावला भिल्लांना विश्वासाने बोलावून, पकडून विहिरींत टाकल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. त्याने धाडी थांबल्या का? थांबल्या नाहीत, वाढल्या.

मग इंग्रज आले. त्यांनीही आधी पलटणी पाठवून पाहिल्या. १८२५ साली जेम्स आउट्रम या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावी केले, त्यांना नियमित पगार दिला. इतरांना शेतीसाठी जमीन आणि तगाई देण्यात आली. पुष्कळ वर्षे जे काम बंदुकीने झाले नव्हते ते पगाराने आणि जमिनीने बरेचसे झाले. हे इंग्रजांच्या दयेचे गुणगान नव्हे. त्यांना महसूल हवा होता, आणि महसुलाला शांतता लागते. ती शांतता किती कच्ची होती तेही दिसले. १८५७ साली सिन्नर तालुक्यातल्या नांदूर-शिंगोट्याला भागोजी नाईकांनी बंड उभारले. हे भागोजी नाईक पूर्वी पोलिसातच अधिकारी होते. दारावरचा माणूस आणि दार फोडणारा माणूस यांच्यात कधीकधी एका अन्यायाइतकेच अंतर असते.

दुष्काळ म्हटला की या पटांगणात एक नाव आपोआप आठवते. यशवंतराव महाराज हे सटाण्याचे मामलेदार. भुकेलेली माणसे कचेरीपाशी जमली तेव्हा त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, म्हणून जनतेने त्यांना देवमामलेदार म्हटले. खजिन्याभोवती पहारा वाढवणे हा एक मार्ग होता आणि बहुतेक मामलेदारांनी तोच धरला असता. यशवंतरावांनी दुसरा धरला. तो मार्ग भाबडा होता असे आम्हाला वाटत नाही. भुकेल्याला वाटा मिळाला की त्याला धाड घालावी लागत नाही, आणि शिवाय वस्तीत एक माणूस राखणीला वाढतो.

बंधुभगिनींनो, आता आजच्या नाशकात येऊ. आज गावकूस नाही, पण वेशी पुष्कळ झाल्या आहेत. सातपूर-अंबडच्या प्रत्येक कारखान्याला फाटक आहे. गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत प्रत्येक सोसायटीला फाटक आहे. बँकेला आहे, रुग्णालयाला आहे, शाळेला आहे. आणि प्रत्येक फाटकाशी निळ्या किंवा खाकी कपड्यातला एक माणूस उभा आहे. तो पेठ-सुरगाण्याचा असेल, मराठवाड्यातला असेल, बिहारातला असेल. हा आजचा वेसकर. २०२० साली जी साथ आली तीही एक धाडच होती, आणि ती भिंत फोडून नव्हे तर श्वासातून आत येत होती. आपण सारे दारे लावून आत बसलो तेव्हा फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद करीत कोण उभा होता?

या माणसासाठी कायदा नाही असे नाही. माथाडी-हमालांसाठी १९६९ साली महाराष्ट्राने कायदा केला आणि त्याच धर्तीवर १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी नोकरीचे नियमन आणि कल्याण यांचा कायदा केला. रक्षकाची मंडळाकडे नोंद व्हावी, त्याचा पगार मंडळामार्फत मिळावा, भविष्यनिर्वाह निधी, रजा, वैद्यकीय मदत मिळावी, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना फार चांगली आहे. परंतु त्याच कायद्यात सूट देण्याचे कलमही आहे, आणि कायद्याच्या कक्षेबाहेर किंवा कडेकडेने राबणारे रक्षक आमच्याकडे रोज येतात. बारा तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी नाही, पगार कंत्राटदाराच्या सवडीने.

आमच्याकडे आलेले एकच प्रकरण सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. एका रक्षकाची रात्रपाळी संपली. बदली माणूस आला नाही, म्हणून त्यालाच दिवसपाळी करायला सांगितले. संध्याकाळ झाली, पुन्हा बदली माणूस आला नाही, म्हणून पुन्हा रात्रपाळी. त्या दुसऱ्या रात्री पहाटे मागच्या भिंतीकडून तांब्याच्या तारेची वेटोळी गेली. सकाळी चौकशी झाली. चौकशीत एकच प्रश्न होता: तू झोपला होतास का? त्याने खरे सांगितले की अर्धा तास डोळा लागला. नुकसानीची रक्कम त्याच्या पगारातून कापण्याचे ठरले आणि त्याला काढून टाकले. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा चालतो, असे आपल्याकडे म्हणतात. या माणसाला धोंडाही मिळाला नव्हता. बदली माणूस का आला नाही, हा प्रश्न त्या चौकशीत कोणी विचारला नाही. दोन माणसांचे पैसे घेऊन एक माणूस उभा केला जात होता काय, हाही विचारला नाही. सुरतेच्या सुभेदाराची आठवण आम्हाला तेव्हाच झाली. खूप भांडून त्याच्या पगाराची कापलेली रक्कम परत मिळाली. नोकरी मिळाली नाही.

आम्ही भाषणाच्या आरंभी सांगितले की त्या खेळात जेवायला मेज नसले तर माणसाचे मन खचते. ऐकून आपल्यापैकी काही जण हसले. पण आपल्या सोसायटीतला रक्षक डबा कोठे बसून खातो, हे आपण कधी पाहिले आहे काय? पुष्कळ ठिकाणी त्याला खुर्ची देत नाहीत, कारण बसला तर झोपेल! केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानांतल्या कामगारांना बसण्याची सोय असलीच पाहिजे अशी तरतूद कायद्यात केली. माणसाला बसू द्यावे एवढ्यासाठी विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात कायदा करावा लागतो, ही काय अभिमानाची गोष्ट आहे? संगणकातल्या कल्पित माणसाला मेज, खाट आणि उजेड लागतो हे खेळ रचणाऱ्याला कळले. आपल्या फाटकावरच्या हाडामांसाच्या माणसाला ते लागते, हे आपल्याला का कळू नये?

कोणी म्हणेल, आता कॅमेरे आले आहेत, आपोआप उघडणारी फाटके आली आहेत, राखणदाराची गरजच राहणार नाही. कॅमेरा चांगली वस्तू आहे. पण कॅमेरा घडलेले दाखवतो. आग लागली तर बादली उचलीत नाही, म्हाताऱ्या आजींना चक्कर आली तर रिक्षा बोलावीत नाही, आणि लहान मूल एकटे रस्त्यावर निघाले तर ‘बाळा, आई कुठे आहे?’ म्हणून विचारीत नाही. तटाच्या जागी तार आली, तारेच्या जागी कॅमेरा आला, तरी शेवटी वस्तीला जाग लागते आणि जाग माणसाला असते. जागल्या हा जुना शब्द फार खरा आहे.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. वस्ती राखायची असेल तर तिची श्रीमंती किती हे जितके मोजता, तितकेच तिच्या राखणदाराचा वाटा किती हेही मोजा. आपण येथे बसलेली बहुतेक मंडळी कोणत्या तरी सोसायटीची सभासद आहात. काही जण अध्यक्ष, चिटणीस असाल, काही जण कारखानदार असाल. पुढच्या सर्वसाधारण सभेत रंगकामाची आणि वाहनतळाची चर्चा होईलच. तिच्यात पाच प्रश्न जोडा. आपल्या रक्षकाची पाळी किती तासांची? त्याला आठवड्याची सुट्टी आहे काय? आपण कंत्राटदाराला देतो त्यातले त्याच्या हातात किती पडते? त्याची मंडळाकडे नोंद आणि भविष्यनिर्वाह निधी आहे काय? आणि त्याला बसायला, डबा खायला व लघुशंकेला जागा आहे काय? या प्रश्नांना पैसा फार लागत नाही. विचारण्याची लाज मात्र सोडावी लागते. कंत्राटदार उत्तर देणार नाही, तर हजेरीपट आणि पगारपत्रक मागा. तेही देणार नाही, तर आमच्या कचेरीत या. आम्ही तेथे रोज संध्याकाळी असतो.

आणि रक्षक बंधूंनो, आपल्यापैकी काही जण या सभेच्या कडेला, काठी हातात घेऊन उभे आहेत ते आम्हाला येथून दिसते. आपल्याला सांगणे एवढेच की एकटा जागल्या कोणाच्याही दयेवर असतो. मंडळाकडे नोंद करा, संघटनेत या, आणि पाळीची वेळ, बदली माणूस आला की नाही, हे आपल्या हाताने वहीत रोज लिहीत जा. प्रसंगी ती वही तटबंदीसारखी उपयोगी पडते.